मटमधून मेल जात नाही: आधी टीएलएस हँडशेकची एरर, आता 'एसएएसएल ऑथेंटिकेशन फेल्ड'

कन्सोलकर
डेबियन लिनक्स, टर्मिनलमधला मेल प्रोग्रॅम मट २.२, खातं जीमेलचं. मेल ऑफलाइनआयमॅप हा वेगळा प्रोग्रॅम उतरवतो, ते बिनतक्रार चालू आहे. पाठवताना मात्र अडतं. मटमधल्या एसएमटीपी यूआरएलची (मेल पाठवणाऱ्या सर्व्हरचा पत्ता) सुरुवात 'एसएमटीपीएस' आणि पोर्ट ५८७ होता, तेव्हा 'ॲन अनएक्स्पेक्टेड टीएलएस पॅकेट वॉज रिसीव्हड' यायचं. पोर्ट ४६५ केल्यावर ते गेलं, आता 'एसएएसएल ऑथेंटिकेशन फेल्ड' येतं, म्हणजे लॉगिन होत नाही. हाच पासवर्ड ब्राउझरमध्ये चालतो. सेंडमेल व्हेरिएबलमध्ये (मेल कोणत्या प्रोग्रॅमने पाठवायचा ते) एमएसएमटीपी या मेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमचा पाथही दिलाय, पण त्याच्या लॉगमध्ये एक ओळही उमटत नाही.

डेबियनवाला
लॉग रिकामाच राहणार. एसएमटीपी यूआरएल दिलेली असली की मट स्वतःच सर्व्हरशी बोलतो, सेंडमेल व्हेरिएबलकडे बघतही नाही. दोन्हीपैकी एकच ठेवा.

पहिल्या एररचं कारण: ४६५ वर पहिल्या बाइटपासून टीएलएस, म्हणजे कनेक्शनचं एन्क्रिप्शन असतं. ५८७ वर सर्व्हर आधी साध्या मजकुरात '२२०' (तयार आहे) म्हणतो, मग स्टार्टटीएलएस होतं, म्हणजे त्याच कनेक्शनवर टीएलएस सुरू होतं. तुमचा मट टीएलएसची वाट बघत होता आणि समोरून आला साधा मजकूर. म्हणून 'एसएमटीपीएस' बरोबर ४६५, नुसत्या 'एसएमटीपी'बरोबर ५८७. उलट चूक केलीत, म्हणजे 'एसएमटीपी' आणि ४६५, तर एररही पटकन येत नाही, मट नुसता लटकतो. ते जास्त वैतागवाणं.

आता पासवर्ड. ब्राउझरमधला इथे चालत नाही. खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावून १६ अक्षरी ॲप पासवर्ड काढावा लागतो. ऑफलाइनआयमॅप चालतंय म्हणजे त्याच्या फाइलमध्ये तो बहुधा आहेच. तोच मटच्या एसएमटीपी पास या सेटिंगमध्ये टाका, मधल्या जागा काढून.

शेलकिडा
एक भर. इतर सर्व्हरचे पासवर्ड मटआरसी या मटच्या सेटिंग फाइलमध्ये सिंगल कोटमध्येच लिहा. डबल कोटमध्ये डॉलर, बॅकस्लॅश आणि बॅकटिकचा मट वेगळा अर्थ लावतो, कोटच नसतील तर हॅशपासून पुढचं कॉमेंट धरतो. पासवर्ड बरोबर, तरी नकार, यामागे बरेचदा हेच असतं.

'नो ऑथेंटिकेटर्स अव्हेलेबल' आलं तर मामला वेगळा: लॉगिनच्या पद्धती पुरवणारं लिबएसएएसएल२-मॉड्यूल्स हे पॅकेज बसवलेलं नाही. मिनिमल इन्स्टॉलमध्ये ते राहून जातं.

सर्व्हर नेमकं काय म्हणतो ते बघायला मट 'डॅश डी २' देऊन चालवा, होम डिरेक्टरीत मटडीबग० नावाची लपलेली फाइल बनते. ५३५ म्हणजे नाव किंवा पासवर्ड नाकारला; ५३४ सोबत ५.७.९ दिसलं तर जीमेल ॲप पासवर्डच मागतोय. लॉग इथे चिकटवण्याआधी 'ऑथ'च्या ओळी काढा, त्यांत पासवर्ड बेस६४ या साध्या एन्कोडिंगमध्ये असतो आणि ते कोणीही उलगडतो.

ओपनएसएसएलच्या एस_क्लायंट या टूलने सर्व्हर हाताने तपासणार असाल तर आरसीपीटी (मेल कोणाला ते सांगणारी आज्ञा) स्मॉल अक्षरांत टाइप करा. ओळीच्या सुरुवातीचा कॅपिटल आर तो स्वतःसाठीची सूचना समजतो आणि तुम्ही सर्व्हरला दोष देत बसता.

कन्सोलकर
ॲप पासवर्डने गेलं. पण एमएसएमटीपीच वापरायचा आहे, दोन खाती आहेत. यूआरएल काढली तर 'चाइल्ड एक्झिटेड १२७'.

डेबियनवाला
१२७ म्हणजे प्रोग्रॅमच सापडला नाही. पाथ तपासा, डेबियनवर तो यूएसआर, बिनमध्ये असतो. पुढे ७८ आलं तर एमएसएमटीपीच्या कॉन्फिगमध्ये चूक, आणि ७७ आलं तर लॉगिन नाकारलं. पासवर्ड त्याच फाइलमध्ये असेल तर परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) हवी, नाहीतर तो फाइल वाचायलाच नकार देतो. ४६५ ठेवणार असाल तर 'टीएलएस स्टार्टटीएलएस ऑफ' लिहा, डीफॉल्ट ऑन आहे.

मधल्या काळात लिहिलेला मेल गमवू नका: पाठवणं फसलं की मट कंपोझ मेन्यूवर परत येतो, तिथे कॅपिटल पी दाबलं की मसुदा राहतो. आणि 'रेकॉर्ड', म्हणजे प्रत ठेवायची मटची सेटिंग, अनसेट करा. पाठवलेल्याची प्रत जीमेल स्वतःच ठेवतो, नाहीतर सेंटमध्ये प्रत्येक मेल दोनदा दिसेल.