मदत हवी आहे: ६५ हजारांत गेमिंग लॅपटॉप कोणता?

मंडळी, धाकट्या भावासाठी लॅपटॉप घ्यायचाय. इंजिनिअरिंगला आहे, कोडिंग करेन म्हणतो (बघू!), पण जीव सगळा व्हॅलोरंट आणि जीटीए ५ मध्ये. बजेट ६५ हजार, फार ताणलं तर ७०.

आरटीएक्स ३०५० या ग्राफिक्स कार्डवर (गेमचं चित्र हेच चालवतं) येऊन अडकलोय. त्याच नावाखाली ४ जीबी आणि ६ जीबी मेमरीची अशी दोन्ही कार्डं मिळतात, वर त्याला वॅट किती द्यायचे हेही प्रत्येक कंपनीचं वेगळं. दुकानदाराला विचारलं तर तो कीबोर्डचे लाईट लावून दाखवतो! ४ जीबीवर नवे गेम निदान मीडियम सेटिंगला नीट चालतात का, की थांबून, पैसे जमवून पुढचं आरटीएक्स ४०५० कार्ड असलेलाच घ्यावा? रॅम नंतर वाढवता येईल, त्याची चिंता नाही. उन्हाळ्यात तापून फ्रेम पडतात का (म्हणजे गेम अडखळतो का), तेही वापरणाऱ्यांनी सांगा. सेकंडहँड सुचवू नका, आई ऐकणार नाही.