नायक कतारला गेला की कतरला?

दीडशहाणी
मी डबिंगसाठी परदेशी मालिकांचे मराठी संवाद लिहिते. सध्या हातात एक तुर्की मालिका आहे. एकेक भाग दोन तासांच्या वर, त्यातला अर्धा वेळ मंडळी एकमेकांकडे नुसती बघत असतात. बघण्याला संवाद लागत नाहीत, त्यामुळे माझं बरं चाललं होतं.

परवा अडले. नायक दार आपटतो आणि म्हणतो, "मी कतारला चाललोय." आवाज देणारा मुलगा माइकसमोर थांबला. म्हणाला, "ताई, हा कुठल्या रांगेत उभा राहायला चाललाय?" सगळे फिस्सकन हसले, टेक वाया. मग मी 'कतर' केलं. तर ते त्याला कात्रीने कापल्यासारखं तोडकं वाटतंय. आणि क्लोजअप आहे हो! पडद्यावरच्या माणसाचं तोंड चांगलं 'आ' करून उघडलंय, त्यात 'कतर' बसत नाही.

तर देशांची नावं तिथले लोक म्हणतात तशी घ्यायची, की आपल्या कानांना सवय आहे तशी? तुर्कस्तान की तुर्किये हेही आलंच त्यात.

नकाशावाला
अरबीत 'कतर'च. दोन्ही स्वर ऱ्हस्व, आणि क घशातून काढायचा, जो आपल्याकडे नाहीच. गंमत अशी की अरबीत 'कितार' म्हणजे आगगाडी, मुळात एकामागोमाग बांधलेल्या उंटांची माळ. आपली रांगेची 'कतार' फारसीमार्गे आली, पण मूळ तेच. तुमच्या मुलाचा विनोद तसा अभ्यासपूर्ण आहे, त्याला सांगा.

तुर्किये हे नाव संयुक्त राष्ट्रांनी २०२२ मध्ये मान्य केलं. आयव्हरी कोस्टने तर १९८०च्या दशकातच सांगून टाकलं की आमच्या नावाचं भाषांतर करू नका, 'कोत दिव्वार'च म्हणा. तरी आपण सगळे अजून आयव्हरी कोस्टच म्हणतो.

स्पेलिंग बघून उच्चार करू नका एवढं मात्र नक्की. किरिबाती असं आपण वाचतो तो देश स्वतःला 'किरिबास' म्हणतो, कारण त्यांच्या लिपीत 'टी-आय'चा उच्चार स. आणि ते नाव म्हणजे त्या बेटांच्या जुन्या इंग्रजी नावाचं, 'गिल्बर्ट्स'चंच त्यांच्या तोंडी झालेलं रूप!

तिसरीसासू
मी या मालिका मूळ आवाजात बघते (खालच्या ओळी वाचत, रात्री एकपर्यंत, घरचे झोपल्यावर), म्हणून हक्काने लिहिते. 'तुर्किये'तला पहिला स्वर आपला उ नाहीच. ओठ ऊ म्हणायला गोल करायचे आणि आत ई म्हणायचं. मी आरशासमोर करून पाहिलंय, माणूस रुसल्यासारखा दिसतो.

पण तिथल्यासारखं म्हणायचं ठरवलंत तर थांबणार कुठे? कोरियन मालिकेत देशाला 'हानगुक' म्हणतात. "मी हानगुकला परत जाते" असं मराठी नायिका म्हणाली तर आपण चॅनेल बदलू. ब्राझीलच्या मालिकेत शेवटचा ल उ होतो, 'ब्राझिउ'. मेक्सिकोचं 'मेहिको'. आणि तुर्कीत इजिप्तला 'मिसिर' म्हणतात, त्याच शब्दाचा दुसरा अर्थ मका! म्हणजे नायक रांगेतून सुटला की मक्यात.

माझं मत, बघणाऱ्याला न अडखळता कळलं पाहिजे. तुर्कस्तान म्हणा, हवं तर बातमीत तुर्किये म्हणा. मालिकेत कोण बघतंय.

बाकी, त्याच्या वहिनीची स्मृती परत आली का? तीच मालिका असेल तर सांगू नका, मी मागे आहे.

कमीबोलतो
दुबई करा. कथेला काय फरक पडतो?

दीडशहाणी
@कमीबोलतो, पुढच्याच शॉटला विमानतळावरचा फलक आहे, त्यावर ठळक 'दोहा'.

@तिसरीसासू, प्रत्येक मालिकेत कुणाच्या ना कुणाच्या वहिनीची स्मृती गेलेलीच असते. गंमत म्हणजे नवरा विसरतात, बोलायची भाषा मात्र शाबूत.

नकाशावाला
मग उत्तर तुमच्या फलकावरच आहे की. देश सोडा, शहराचं नाव घ्या. 'दोहा' शेवटी चांगला 'आ' करतो, ओठही जुळतील.

आणि @तिसरीसासू, सगळंच परकं नसतं हो. तुर्कीत ग्रीसला 'युनानिस्तान' म्हणतात. आपल्या जुन्या पोथ्यांतला 'यवन' तोच, दोन्ही आयोनिया या जुन्या ग्रीक प्रदेशावरून. आपणच मध्ये इंग्रजीतून 'ग्रीस' आणलं.

तिसरीसासू
नकाशावाले, तुम्ही मालिका बघत नाही म्हणता आणि एवढं तुर्की कुठून येतं?

नकाशावाला
घरात टीव्ही एकच आहे.

दीडशहाणी
आज 'दोहा' करून रेकॉर्ड केलं. "मी दोहाला चाललोय." ओठ अगदी जुळले, मी खूश. मुलाने हेडफोन काढला आणि विचारलं, "ताई, भांडणानंतर थेट कबीर?"

'कतारला' ठेवलंय. उद्या सकाळी परत घेणार.