पारा चाळिशीला टेकूनही वळीव का येत नाही?

प्रश्न
पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि तरीही आभाळ कोरडेच राहते. याउलट एखाद्या दिवशी तापमान ३७ अंशच असते, पण अंगाची चिकचिक होते आणि दुपारी चारच्या सुमारास विजांसह वळीव कोसळतो. वळीव उन्हामुळे येतो, तर अधिक तापलेला दिवस कोरडा का जातो?

प्रतिसाद १
ऊन हवेला वर पाठवते. ढग मात्र बाष्पाचा होतो. वर दाब कमी असल्याने चढणारी हवा प्रसरण पावते, दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी थंड होते आणि संपृक्त झाली, म्हणजे तिच्यात आणखी बाष्प मावेनासे झाले, की तिथे ढगाचा तळ धरतो. ढोबळ अंदाजासाठी तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानापर्यंत थंड केल्यास हवा संपृक्त होते ते) यांतील फरकाला १२५ने गुणावे, की तळाची उंची मीटरमध्ये मिळते. तापमान ४० आणि दवबिंदू ८ असेल, तर तळ जमिनीपासून ४,००० मीटरवर जातो, आणि एवढ्या उंचीवरून थेंब सुटलेच तरी बरेचसे वाटेतल्या कोरड्या हवेत विरतात. ३७ आणि २१ असेल, तर तळ २,००० मीटरवर उतरतो. शिवाय बाष्पाचे पाणी होताना बाहेर पडणारा अप्रकट उष्मा ढगाला आणखी वर रेटतो. वळवाचे खरे इंधन तेच. वायव्येचे कोरडे वारे असले की ते मिळत नाही. विदर्भापासून कर्नाटकापर्यंत कमी दाबाचा पट्टा असला, की बंगालच्या उपसागरावरून बाष्प आत येते.

प्रतिसाद २
बाष्प असूनही वरच्या थरात उबदार हवा पसरलेली असेल, तर खालून चढणारी हवा तिथेच अडते आणि दिवसभर नुसता उकाडा होतो. म्हणूनच हवामान खाते फुगे सोडून वरच्या हवेचे तापमान आणि आर्द्रता मोजते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. परंतु दमट हवा जड असते ना? मग ती वर कशी चढते?

प्रतिसाद १
जड वाटते, असते हलकी. पाण्याच्या रेणूचा भार १८, तर कोरड्या हवेचा सरासरी २९. त्यामुळे दाब व तापमान तेच असताना बाष्प मिसळलेली हवा किंचित हलकी भरते. जड असते ती वळवाआधी धूळ उडवत येणारी वाऱ्याची झोड: पाऊस पडताना बाष्पीभवनाने थंड झालेली हवा खाली कोसळून चहूकडे पसरते, तेव्हा पारा झपाट्याने उतरतो आणि वायुभारमापकावरील दाब मात्र थोडा वाढतो.