प्रतिसाद: टाकीची क्षमता आणि पंपावरचे माप

स्प्लेंडर मोटारसायकलच्या ९.८ लिटरच्या टाकीत पंपावर १०.४ लिटर पेट्रोल 'मावले', म्हणजे मापात पाप आहे, असे वर एका सदस्याने लिहिले आहे. तसा निष्कर्ष लगेच काढता येणार नाही. कंपनी जी क्षमता छापते ती पेट्रोलचे प्रसरण आणि वाफ यांसाठी वर मोकळी जागा सोडून सांगितलेली असते, त्यामुळे झाकणाच्या गळ्यापर्यंत भरले तर आकडा सहज पुढे जातो (आणि गाडी उन्हात उभी केली की तेच पेट्रोल टाकीवरून ओघळते). शंका असेलच, तर पंपावरचे वैधमापनशास्त्र विभागाने (वजने-मापे तपासणारे सरकारी खाते) प्रमाणित केलेले ५ लिटरचे माप मागून खात्री करून घ्यावी.

मोठ्या टाकीची गाडी घेतल्यास पेट्रोलच्या दरवाढीची झळ कमी बसेल, हे म्हणणे मात्र पटत नाही. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० ची टाकी १३ लिटरची असली, तरी लिटरमागे स्प्लेंडर जवळपास दुप्पट धावते, म्हणून एका टाकीत लांब जाते ती स्प्लेंडरच. शिवाय उद्या लिटरमागे ५० पैसे वाढणार म्हणून आज १३ लिटर भरून घेतले, तरी वाचतात साडेसहा रुपये, म्हणजे एक कटिंग चहासुद्धा धड नाही.