काजूच्या बागेत नुसते उंदीर नसतात

रबर काय नि काजू काय, लागवड झाली की उंदीर-घुशींशिवाय तिथे काही उरत नाही असं काही जण म्हणतात. रबराचं पटतं, आमच्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात रबराखाली तासभर उभं राहिलं तरी साधी सळसळ ऐकू येत नाही. पण काजूला त्याच मापाने मोजू नका हो. आमच्या बागेत बांधावर दोन जुने फणस राखलेत, मार्च-एप्रिलात सकाळी गेलं की त्यांच्याखाली काजूबियांचा सडा असतो, काहींना बोंडाचा, म्हणजे बीला जोडलेल्या रसाळ फळाचा, चोथा अजून ओला चिकटलेला. रात्री वाघळं बोंड तोडून तिथे नेतात, रस चोखतात आणि बी तशीच टाकतात, टरफलातल्या तेलाने तोंड भाजतं ना. त्या बिया आम्ही वेचून विकतो.

खरा फरक पडतो तो खालच्या रानाने. आम्ही फक्त बी वेचायच्या आधी झाडाखालचं गोल बेणतो, म्हणजे तेवढंच तण-झुडूप कापून काढतो, बाकी झुडपं तशीच, म्हणून मुंगसं दिसतात, उदमांजराची बियांनी भरलेली विष्ठा कातळावर सापडते, कधी साळिंदराचा काटाही. शेजारच्या बागेत तणनाशक मारायला लागल्यापासून यातलं काहीच दिसलेलं नाही, झाडं मात्र तीच आहेत.