दोन्हीकडची लेक आणि "एक काय ते ठरव"

ओकलंडची_आई:
काल इथेच एकाने लिहिलं, "मिश्र मुलांनी एक काय ते ठरवावं. कमला हॅरिससारखं सोयीने कधी भारतीय, कधी कृष्णवर्णीय असं नको." अध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभे असलेले ट्रम्पही जुलै २०२४ मध्ये शिकागोत हेच बोलले होते. हॅरिसबाईंची आई भारतीय, वडील कृष्णवर्णीय. त्या कृष्णवर्णीयांच्या हॉवर्ड विद्यापीठातून १९८६ साली पदवीधर झाल्या. तेव्हा कुठली निवडणूक होती?
मी सांगलीची, नवरा कृष्णवर्णीय अमेरिकन. लेक चौदा वर्षांची. रविवारी मी तिच्या डोक्याला खोबरेल चोळते, मग तिची इथली आजी रुंद दातांच्या कंगव्याने गुंता सोडवून बारीक वेण्या घालते. तीन तास जातात. यात सोय कसली?

स्पष्टवक्ता_पुणे:
ते वाक्य माझंच. ओबामांची आई गोरी, तरी २०१० च्या जनगणनेत त्यांनी 'कृष्णवर्णीय' एवढीच खूण केली. एकाहून जास्त खुणा करायची मुभा २००० पासून होती. म्हणजे ठरवावं लागतंच! शिवाय ही मुलं मराठी बोलत नाहीत, तिथल्या महाराष्ट्र मंडळात फिरकत नाहीत. मग आपली कशी म्हणायची?

ओकलंडची_आई:
ओबामांनी स्वतः ठरवलं. तुम्ही दुसऱ्याच्या मुलांचं ठरवताय. व्हर्जिनियात १९२४ च्या कायद्याने कृष्णवर्णीय रक्ताचा एक अंश असला तरी माणूस गोरा धरत नसत, आणि १९६७ पर्यंत गोऱ्या-काळ्यांचं लग्न तिथे गुन्हा होता. तिथेही इतरांनीच ठरवलं होतं.
आणि मंडळाचं म्हणाल तर, गणपतीत आरतीला उभी होती. एका काकूंनी प्रसाद देताना इंग्रजीत विचारलं, "तू कोणाची मैत्रीण?" ती मराठीत म्हणाली, "माझी आई आत मोदक वळतेय." त्यानंतर ती मंडळात आली नाही.

भुसावळ_लोको:
माझी आई रेल्वे कॉलनीतली अँग्लो-इंडियन, वडील मराठी. राज्यघटनेच्या कलम ३६६ मध्ये अँग्लो-इंडियन ठरतो तो बापाच्या बाजूच्या युरोपीय वंशावरून. आईचं धरतच नाहीत. मी नाताळात तिच्या हातचा केक खाल्ला, तिच्या भाषेत रडलो. कागदावर मी तिचा कोणीच नाही.

स्पष्टवक्ता_पुणे:
विषय भरकटवू नका. घराणं बापाचंच चालतं, आडनावही.

भुसावळ_लोको:
भरकटवत नाही, मुळावर आणतोय! जातीचंही तेच म्हणायचे. गुजरातच्या एका प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, आई आदिवासी असेल तर बापाचीच जात लागते असं डोळे मिटून धरू नका, मूल कोणात आणि कसं वाढलं ते बघा. आईचं नाव पुसायला निघालात तुम्ही.

स्पष्टवक्ता_पुणे:
आवाज खाली. माझ्या पुतणीने जर्मन मुलाशी लग्न केलं, नातू 'आजोबा' म्हणत नाही. ते मला लागतं, म्हणून लिहिलं.

नाशिकची_मावशी:
मग तसं लिहायचं होतं. नातवाचा राग दुसऱ्याच्या लेकीवर का काढता?

स्पष्टवक्ता_पुणे:
बरं. 'सोयीने' हा शब्द मागे घेतो. तिने दोन खुणा कराव्यात, माझी हरकत नाही. मराठीचा मुद्दा मात्र सोडणार नाही.

ओकलंडची_आई:
सोडू नकाच. फक्त तिच्याशी पहिलं वाक्य मराठीत बोला.