मदत हवी आहे: १९३१ च्या फोर्डमधलं फ्लॅटहेड व्ही-८ चढाला उकळतंय

उद्यमनगरी:

नमस्कार मंडळी,

तीन महिने एकाच जागी अडकलोय. इथे जुन्या गाड्यांवर हात काळे केलेले बरेच जण आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितो. धागा लांबला तर सांभाळून घ्या.

मी कॅलिफोर्नियात, फोंटानाजवळ राहतो. गाडी १९३१ ची फोर्ड मॉडेल ए कूपे. चार वर्षांपूर्वी बेकर्सफील्डकडच्या एका शेतातल्या शेडमधून आणली, तेव्हा तिला गाडी म्हणणं कठीण होतं. ट्रेलरभर सुटे भाग होते आणि मूळचं चार सिलिंडरचं, ४० हॉर्सपॉवरचं इंजिन कधीच गायब झालेलं. चॅसीचे उघडे चॅनेल आतून पट्ट्या वेल्ड करून बंद पेटीसारखे केले. पुढे खाली वाकवलेला एक्सल टाकला. दांड्यांचे ब्रेक काढून १९४० च्या फोर्डचे हायड्रॉलिक ब्रेक बसवले. मडगार्ड चढवलेच नाहीत. छत मात्र कापलं नाही. कापलेल्या छताची कूपे दिसते देखणी, पण बाबा आत बसणार होते आणि त्यांना मान वाकवून बसवायचं नव्हतं.

इंजिन १९५१ च्या फोर्डचं फ्लॅटहेड (वाल्व ब्लॉकमध्ये, वरचं हेड सपाट), म्हणजे ज्याला ८बीए म्हणतात ते. २३९ घनइंच, कागदावर १०० हॉर्सपॉवर. बोअर ३० थाऊ (इंचाचे हजारावे भाग) वाढवलाय. वर एडेलब्रॉकचा मॅनिफोल्ड (मिश्रण सिलिंडरकडे नेणारी वाट) आणि दोन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्ब्युरेटर. डेल्को (ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) मूळचाच ठेवला, पॉइंट आणि कंडेन्सर नवे. त्याची व्हॅक्युमची नळी जोडायला स्ट्रॉमबर्गवर जागाच नाही, म्हणून ती टोपी लावून बंद केली. हेडर (एक्झॉस्टचे पाइप) नवे.

आता दुखणं. सपाट रस्त्यावर काटा १८५ फॅरनहाइटच्या आसपास राहतो. सिग्नलला दहा मिनिटं अडकलो की २०५. चढ लागला की पाच-सात मिनिटांत २२५ (सुमारे १०७ सेल्सिअस), आणि रॅडिएटरमधून पाणी बाहेर. कॅप ४ पौंडाची आहे. चढाला पिकअपही नाही, पण मी ते तापण्यामुळेच समजत होतो. नव्या हेडरचा रंग पहिल्याच आठवड्यात जळून गेला.

आतापर्यंत केलेलं: नवा तीन रांगांचा रॅडिएटर, पंख्याभोवती पत्र्याचं कडं, दोन्ही वॉटर पंप नवे, दोन्ही थर्मोस्टॅट १६० चे. आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन ९५ ते १०० च्या दरम्यान. पाण्यात बुडबुडे नाहीत. गळती तपासायचा निळा द्रव रंग बदलत नाही, म्हणजे हेड गॅस्केट किंवा ब्लॉकला तडा हा संशयही फिटला.

अजून एक गोष्ट केली, ती बाबांनी. बाबा कोल्हापूरचे, शिवाजी उद्यमनगरात चाळीस वर्षं पॅटर्नमेकर. लाकडात साचे कोरण्यात आयुष्य गेलं. सहा महिन्यांसाठी इकडे आलेत. ब्लॉक उघडा पडला होता तेव्हा त्यांनी टॉर्च मारून पाण्याच्या वाटांत डोकावलं आणि म्हणाले, "ह्यात कोअरची वाळू तशीच हाय की रं." ओतकामात आतली पोकळी राखणाऱ्या वाळूच्या ठोकळ्याची, म्हणजे कोअरची वाळू, त्याला आधार द्यायच्या तारा, वर सत्तर वर्षांचा गंज. दोन दिवस बसून वेल्डिंगच्या सळईनं उकरून त्यांनी किलोभराच्या वर माल काढला. त्यानंतर काटा दहा अंश खाली आला. चढाला मात्र तेच.

हे इंजिन टिकवायची माझी धडपड का, तेही सांगतो. १९३२ मध्ये फोर्डनं पहिल्यांदा स्वस्त गाडीत व्ही-८ दिलं, २२१ घनइंच, ६५ हॉर्सपॉवर. ते परवडलं कारण आठही सिलिंडर आणि क्रँककेस मिळून एकाच ओतकामात निघाले. बाबांना हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. "एवढे कोअर एका साच्यात? एक हलला तर सगळा ब्लॉक भंगारात." मग ते रिकाम्या ब्लॉकवरून कितीतरी वेळ हात फिरवत होते. मी ते पाहिलंय, त्यामुळे हे इंजिन काढून दुसरं टाकायचा विचार माझ्या मनाला शिवत नाही.

बाबा डिसेंबरात परत जाणार. त्याआधी त्यांना याच गाडीतून एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर न्यायचंय. तीस-चाळीसच्या दशकात पोरं भंगारातल्या फोर्ड आणून, मडगार्ड-काचा उतरवून म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर पळवायची. त्यांच्या क्लबांनी १९३७ मध्ये एकत्र येऊन एससीटीए ही संस्था काढली. म्युरॉक लष्कराकडे गेलं, आज तिथे एडवर्ड्स हा हवाई दलाचा तळ आहे. एल मिराजवर मात्र त्याच संस्थेच्या शर्यती अजून होतात, हंगामातली शेवटची नोव्हेंबरात. पण आमच्याकडून तिकडे जायचं तर काहोन पास या घाटाचा चढ आहे, आणि माझी गाडी तर घरामागच्या टेकडीलाच उकळते.

काय राहिलंय माझ्याकडून?

सॅनहोजेकर:

गाडी सुंदर दिसत असणार, फोटो टाका. स्पष्ट सांगतो, राग मानू नका. शेव्हीचं स्मॉल ब्लॉक टाका. १९५५ मध्ये २६५ घनइंचाचं १६२ हॉर्सपॉवरचं इंजिन आलं आणि हॉट रॉडवाल्यांनीच (जुन्या गाड्या वेगासाठी बदलणाऱ्यांनीच) फ्लॅटहेड सोडायला सुरुवात केली. ती मंडळी परंपरा जपत नव्हती, वेग शोधत होती. ३५० घनइंचाचं तयार इंजिन आणलंत तर महिन्याभरात काहोन चढाल आणि बाबांची ट्रिपही होईल. माझ्या ट्रकमध्ये तेच आहे, बारा वर्षं पाणी सांडलेलं नाही.

उद्यमनगरी:

राग अजिबात नाही, सल्ला खरा आहे. पण बाबांना चढ चढलेला बघायचा नाहीये, त्यांनी साफ केलेला ब्लॉक चढलेला बघायचाय. दुसरं इंजिन टाकलं तर मी त्यांना फक्त फिरायला नेलं असं होईल.

मिशिगनकर:

काकांच्या सळईला नमस्कार. निम्मे फ्लॅटहेड त्या वाळूपायीच तापतात आणि लोक रॅडिएटर बदलत बसतात.

दोन गोष्टी विचारतो. पहिली, हेड ८बीएचेच आहेत ना? आधीच्या मॉडेलच्या हेडला पाण्याची तोटी मधोमध असते, ८बीएला पुढच्या टोकाला. गॅस्केटची भोकं त्या हिशेबानं असतात, अदलाबदल झाली तर पाणी मागच्या सिलिंडरपर्यंत नीट पोचत नाही.

दुसरी जास्त महत्त्वाची. या इंजिनाला दोन पंप, दोन खालचे होज, दोन वरचे. म्हणजे डावी बाजू आणि उजवी बाजू जवळजवळ स्वतंत्र. तापमान मोजायची इन्फ्रारेड गन घ्या, गाडी तापवा आणि दोन्ही हेडवर पुढे, मध्ये, मागे असं मोजा. एकच बाजू जास्त तापत असेल तर त्या बाजूला पाणी अडतंय. दोन्ही सारख्याच तापत असतील तर पाण्याचा पिच्छा सोडा. मग प्रश्न उष्णता बाहेर का जात नाही हा नाही, एवढी तयार का होते हा आहे.

आणि कोणी थर्मोस्टॅट काढून टाकायला सांगितलं तर ऐकू नका.

उद्यमनगरी:

हेड ८बीएचेच, गॅस्केटही तपासून घातलेले. टेकडी चढून आलो आणि लगेच मोजलं. डावीकडे २१४, २१९, २१६. उजवीकडे २१३, २२१, २१७. दोन्ही बाजू सारख्याच. मध्यभाग दोन्हीकडे जास्त.

बिडाचा ठोकळा:

मी चिंचवडला इंजिन टेस्टिंगमध्ये होते, आता निवृत्त. फ्लॅटहेड एकदाच उघडलंय, पण तुमच्या पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य वाचून थांबले. "व्हॅक्युमची नळी टोपी लावून बंद केली." दुखणं तिथेच आहे असं मला वाटतं.

साध्या डेल्कोत फिरणारी छोटी वजनं असतात. इंजिनाचा वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पडायला लागते. आपले मेस्त्री ज्याला अॅडव्हान्स म्हणतात, तो हा. १९४९ ते १९५३ च्या फोर्ड व्ही-८ च्या डेल्कोला लोडोमॅटिक म्हणतात, आणि त्यात ही वजनंच नाहीत. त्याचा सगळा अॅडव्हान्स व्हॅक्युमवर चालतो. तो व्हॅक्युमही हवा तसा मिळतो फक्त त्याच्या जोडीच्या मूळ कार्ब्युरेटरमधून, कारण त्याच्या गळ्यात त्यासाठी वेगळं छिद्र असतं. स्ट्रॉमबर्ग ९७ हा १९३६ चा कार्ब्युरेटर. लोडोमॅटिक जन्मायच्या आधीचा. त्यात ते छिद्र असणार कुठून?

म्हणजे तुमची गाडी कितीही वेगात असली तरी ठिणगी आयडलच्याच टायमिंगला पडते आहे. उशिरा पेटलेलं मिश्रण एक्झॉस्ट वाल्व उघडतो तरी जळतच असतं आणि ती आग वाल्वमधून बाहेर जाते. दुसऱ्या इंजिनात ती सरळ हेडरमध्ये गेली असती. फ्लॅटहेडमध्ये वाल्व ब्लॉकमध्येच आणि एक्झॉस्टची वाट पाण्याच्या जॅकेटमधून आडवी बाहेर. शिवाय चार सिलिंडरना एका बाजूला तीनच तोंडं. मधल्या दोघांचं एकच. तुमचा मध्यभाग जास्त तापतोय तो त्यामुळे. हेडरचा रंग जळणं, चढाला पिकअप नसणं, दोन्ही बाजू सारख्या तापणं, सगळं एकाच गोष्टीकडे बोट दाखवतंय.

नळी सरळ मॅनिफोल्डला जोडा असं कोणी म्हणेल. नका जोडू. चढावर थ्रॉटल पूर्ण दाबला की मॅनिफोल्डचा व्हॅक्युम पडतो, म्हणजे नेमका गरज असताना अॅडव्हान्स जाणार.

आधी खात्री करा. टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) लावून पुलीवरच्या खुणेकडे बघा आणि रेस द्या. खूण हलली नाही तर वजनांचा डेल्को आणा. या इंजिनासाठी नवे मिळतात. सगळा मिळून अॅडव्हान्स २० ते २४ अंशांच्या पुढे नेऊ नका, फ्लॅटहेडला तेवढा पुरतो.

उद्यमनगरी:

ताई, रात्री साडेदहाला लाइट लावला. बाबा खुणेवर नजर ठेवून, मी थ्रॉटलवर. ८०० ला खूण जिथे, २,५०० ला तिथेच. बाबा म्हणाले, "हलली न्हाई. पुन्हा दे." पाच वेळा दिला. केसभरसुद्धा हलली नाही.

तीन महिने मी पाण्यामागे पळत होतो. नवा डेल्को मागवलाय.

उद्यमनगरी (अकरा दिवसांनी):

वजनांचा डेल्को बसवला. आयडलला ४ अंश, २,५०० ला २२. पहिल्याच टेकडीला कळलं की ही वेगळीच गाडी आहे. जिथे दुसरा गिअर घालावा लागायचा तिथे तिसऱ्यात चढली. माथ्यावर काटा १८८.

काल पहाटे चारला काहोनच्या चढाला लागलो. बाबा शेजारी, हातात इन्फ्रारेड गन, जणू ते मोजल्याशिवाय गाडी पुढे जाणार नाही. माथ्यावर १९४. पाण्याचा एक थेंब सांडला नाही. नऊच्या आत एल मिराजला होतो. मातीच्या पांढऱ्या सपाटीवर गाड्या एकेक करून सुटत होत्या. तिथे एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आमचं इंजिन बघून विचारलं, ब्लॉक कोणी साफ केला? मी बाबांकडे बोट दाखवलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण ते अर्धा तास ब्लॉकभोवती उभे होते.

ताई, मिशिगनकर, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. सॅनहोजेकर, फोटो उद्या टाकतो.

आता एक नवं. परतताना पेट्रोल भरायला थांबलो, दहा मिनिटांनी स्टार्टर मारला तर गाडी धरेना. कार्ब्युरेटरमधून पेट्रोलचा वास आणि दोन्ही गळे ओले. पेडल पूर्ण दाबून धरल्यावर सुरू झाली. पंपाचा दाब अडीच पौंड आहे, म्हणजे स्ट्रॉमबर्गला चालणारा. इथल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं, ते बंद गाडीच्या उष्णतेनं उकळून गळ्यात उतरतंय असा माझा अंदाज. कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारी जाड चकती टाकून कोणाला फरक पडलाय का? पडला असेल तर किती जाडीची?